बारा मैलांपलीकडचा शिंपला

प्रिय मित्र,

अनेक आशीर्वाद. सागरी कायद्यात जहाजांबरोबर येणाऱ्या परक्या, आक्रमक प्रजातींचा विषय निवडलास हे बरं केलंस; इथे अजून गर्दी नाही. पण तुझं टिपण शिंपल्याच्या शास्त्रीय नावापासून सुरू होतं, ते बदल. पहिल्या पानावर तीनच गोष्टी हव्यात: पाणी कुठलं, वस्तू कुठली, झेंडा कुणाचा. प्रजाती त्यानंतर.

आधी पाणी. किनाऱ्यापासून, नेमकं म्हणजे आधाररेषेपासून (साधारण ओहोटीच्या रेषेपासून), १२ सागरी मैलांपर्यंत आपला कायदा जमिनीसारखाच चालतो. पुढच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (२०० मैलांपर्यंतच्या, साधनसंपत्तीवर आपला हक्क असलेल्या पट्ट्यात) तो आपोआप जात नाही, न्यावा लागतो. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याची कलमं ६(६) आणि ७(७) केंद्र सरकारला तो अधिकार देतात: अधिसूचना काढून कोणताही कायदा, हवे ते फेरफार करून, समुद्रबूड जमिनीवर किंवा आर्थिक क्षेत्रात लागू करता येतो. २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ६२अ आलं आणि आक्रमक परकीय प्रजातींच्या आयातीवर, बाळगण्यावर, प्रसारावर बंधनं घालायची सोय झाली. म्हणून मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, कलम ६२अ चालेल असं गृहीत धरू नकोस. दोन अधिसूचना लागतील: एक त्या प्रजातीची, दुसरी त्या पाण्याची. दोन्हींची राजपत्रातली प्रत हातात आल्याशिवाय मसुदा करायला बसू नकोस. २००८ साली आबान लॉइड चाइल्स ऑफशोअर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निर्देशित क्षेत्रातल्या रिग (समुद्रात तेलविहिरी खोदणारे प्लॅटफॉर्म) सीमाशुल्कापुरत्या भारताच्या हद्दीत धरल्या. तो निकाल उत्साहानं पुढे करणारे बरेच भेटतील. पण तिथे सीमाशुल्क कायदा अधिसूचनेनं तिकडे नेलेला होता, म्हणून तो टिकला. वन्यजीव कायद्याला त्याची उसनवारी चालणार नाही.

आता वस्तू. खरी गंमत इथे आहे. समुद्र कायद्याच्या १९८२ च्या कराराचा अनुच्छेद ६० आर्थिक क्षेत्रातल्या प्लॅटफॉर्मवर किनाऱ्याच्या राष्ट्राला अनन्य अधिकार देतो. परक्या जहाजाबाबत मात्र अनुच्छेद २११(५) आडवा येतो: नियम करा, पण सर्वमान्य आंतरराष्ट्रीय नियमांना धरून. बॅलस्ट पाण्यासाठी, म्हणजे तोल राखायला जहाज टाकीत भरतं त्या पाण्यासाठी, असे नियम एका करारात आहेत. तो करार २००४ चा, ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू. जहाजाच्या तळाला चिकटून येणाऱ्या जीवांसाठी बंधनकारक जागतिक करार अजून झालेला नाही. २०११ ची आणि २०२३ ची आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) मार्गदर्शक तत्त्वं ऐच्छिक आहेत. त्यामुळे परक्या जहाजाच्या तळावरच्या शिंपल्यासाठी भर समुद्रात गुन्हा लावायला गेलास तर पहिल्याच तारखेला हात हलवत परतशील. ते जहाज बंदरात येईपर्यंत थांब. बंदरप्रवेशाच्या अटी घालायचा हक्क राष्ट्राचा असतो. न्यूझीलंडनं १५ मे २०१८ पासून स्वच्छ तळाची अट अशीच लागू केली.

आणखी एक पेच. त्याच १९८२ च्या कराराचा अनुच्छेद १९६ परक्या प्रजातींबद्दल वेगळा बोलतो, आणि प्रदूषणाची व्याख्या ‘पदार्थ किंवा ऊर्जा’ एवढीच आहे. जिवंत शिंपला पदार्थ ठरतो का, हा वाद बचावपक्ष काढणारच. उत्तर तयार ठेव, पण शक्यतो तुझा खटला त्या एका खुंटीवर टांगू नकोस.

रिग ही वस्तू दोन्हीकडची. पाय टेकवून खोदकाम करते तेव्हा संरचना, टगमागून (ओढणाऱ्या बोटीमागून) नेली जाते तेव्हा जहाज. बॅलस्ट कराराच्या व्याख्येत तर तरते प्लॅटफॉर्मही ‘जहाज’च. २००६ साली ब्राझीलहून सिंगापूरकडे ओढत नेलेली पेट्रोब्रास २१ ही रिग दोर सुटून त्रिस्तान दा कून्या बेटाला लागली, आणि तिच्यावर ६२ परक्या जाती सापडल्या. म्हणून नांगराची, ओढणीची, पाय टेकवल्याची वेळ लॉगमधून, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीतून, मिनिटासह उतरवून घे; यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि भारतीय वेळ दोन्ही लिही, साडेपाच तासांच्या फरकानं तारीखच बदलते.

पुरावा नमुन्यांपाशीच जास्त फुटतो. बॅलस्टसाठी त्या कराराचं डी-२ मानक, म्हणजे बाहेर सोडायच्या पाण्यातल्या जीवांची मर्यादा: ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे १० पेक्षा कमी, १० ते ५० मायक्रॉनचे मिलिलीटरमागे १० पेक्षा कमी. नमुना टाकीच्या झाकणातून नको, बाहेर सोडायच्या नळीवरून घे, आणि मोठ्या जीवांसाठी किमान एक घनमीटर पाणी गाळ. ते जिवंत होते हे सिद्ध करावं लागतं, म्हणून तपासणी काही तासांत व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी मोजलेले आकडे बचावाला आंदण दिल्यासारखे होतात. कॅप्टनकडे अपघाती गळती आणि जीवितरक्षणाचा अपवाद असतो, तेव्हा बॅलस्ट नोंदवहीतल्या नोंदी पंपाच्या तासांशी ताडून बघ.

तळासाठी पाणबुड्याला सपाट बाजूवर वेळ घालवू देऊ नकोस. सी-चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या खोबणीच्या) जाळ्या, बो थ्रस्टरचा (नाळेतल्या आडव्या पंख्याचा) बोगदा, सुकाणूचा खांब आणि सुक्या गोदीत ठोकळ्यांवर टेकलेले, रंग न लागलेले पट्टे, जीव तिथेच दाटतात. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग कर: एक ९५ टक्के इथेनॉलमध्ये डीएनएसाठी, दुसरा आकारावरून ओळखण्यासाठी. सगळं फॉर्मेलिनमध्ये बुडवलं तर डीएनए खराब होतं, आणि पिल्लू शिंपले नुसत्या नजरेनं ओळखता येत नाहीत. मुंबईच्या गोदीत काळ्या पट्ट्यांचा मायटिलोप्सिस हा परका शिंपला कित्येक दशकं आहे, म्हणून ‘तो इथलाच चिकटला’ हा बचाव ठरलेला समज. आधीच्या बंदरांची यादी आणि शिंपल्यांचा आकार एकत्र मांड. पंचनाम्यात बाटलीचा क्रमांक, सील, खोली, जागा आणि कुणाच्या हातून कुणाच्या हाती, हे सगळं हवं.

शिक्षेची मागणी बेतानं कर. प्रादेशिक समुद्राबाहेर परक्या जहाजाच्या प्रदूषणाला, १९८२ च्या कराराच्या अनुच्छेद २३० प्रमाणे, फक्त आर्थिक दंड. तुरुंगवास मागितलास तर ध्वजराष्ट्राला, म्हणजे जहाजावर ज्याचा झेंडा त्याला, आयतं कोलीत मिळेल. ते राष्ट्र सहा महिन्यांत स्वतः कारवाई करून तुझा खटला थांबवूही शकतं, आणि घटनेपासून तीन वर्षांनंतर खटला भरताच येत नाही. १९७६ च्या कायद्याखाली गुन्हा लावत असशील तर कलम १४ प्रमाणे केंद्राची पूर्वसंमती लागते. त्या अर्जाची फाइल पंचनाम्याच्या दिवशीच चालू कर.