जुनेच कापड कशासाठी?

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा आपल्या कापडी पुस्तकाचे तिसरे पान उसवताना तू विचारलेस, "आपल्याकडे गोधडी नव्या कापडाची का शिवत नाहीत? आजीकडे तेव्हा पैसे नव्हते का?" माझ्या दातांत दोरा होता, म्हणून मी नुसते हुंकारले. प्रश्न मात्र नुसता हुंकार देऊन सोडण्याजोगा नव्हता, आणि त्याचे निम्मे उत्तर त्या फसलेल्या पानातच होते, म्हणून हे लिहून देते आहे.

पैशांचे म्हणशील, तर तेही कारण होतेच. नऊवारी लुगडे म्हणजे ९ वार, साधारण सव्वाआठ मीटर कापड. ते एखाद्या जागी विरले तरी बाकीचे धड असे, आणि धड कापड टाकून देणे आजीच्या मनाला कधीच मानवले नसते. पण ज्यांच्या घरी कशाची ददात नव्हती, त्या माझ्या आत्यानेही बाळाचे दुपटे शिवायला कपाटातली सर्वांत जुनी, सर्वांत मऊ साडी शोधून काढली होती. तेव्हा मला ती हौस वाटली. आता परदेशात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझ्याबरोबर दोन पुस्तके बिघडवल्यानंतर, त्यामागे कापडाची पक्की जाण होती असे वाटते.

आपले पहिले पुस्तक आठव. आपण कोरे करकरीत पांढरे सुती कापड आणले, पाने बेतली, त्यांवर तू रंगवलेले कागद मैद्याच्या खळीने चिकटवले, शेजारी लाल कापडाचे ठिगळ लावले आणि रात्रभर वजनाखाली ठेवले. सकाळी वजन काढले तर पाने उन्हात वाळलेल्या पापडासारखी वाकडी झालेली, आणि लाल रंग उतरून तुझा चंद्र गुलाबी झालेला. तू दिवसभर रुसलीस, आणि मी खळ पातळ झाली असे म्हणून वेळ मारून नेली. खरे कारण वेगळे होते. विणताना सुती धागे ताणून धरलेले असतात. पहिले पाणी लागले की तो ताण सुटतो आणि कापड आटते. कागद ओलाव्याने फुगतो आणि वाळताना आपल्या हिशेबाने आखडतो. दोघांचा हिशेब जुळत नाही, म्हणून पान मुरडते. लाल कापडात मुरलेला नसलेला जादा रंग असतो, तोही पहिल्याच पाण्यात बाहेर पडतो.

शेकडो वेळा धुतलेल्या साडीचे हे सगळे खोडसाळपण करून झालेले असते. तिला जेवढे आटायचे तेवढे ती आटलेली असते, जायचा तो रंग गेलेला असतो, गिरणीतली खळ निघून गेलेली असते आणि धागे इतके नरम पडलेले असतात की सुई न रेटता आत जाते. म्हणूनच गोधडी धुतल्यावर सहसा कुठे आखडत नाही.

मग आपण आजीच्या साडीची पाने केली, आणि ती कोमेजलेल्या भाजीसारखी लोंबू लागली. विरलेले कापड एकटे उभे राहत नाही, हे आजीला सांगावे लागले नसते. ती जमिनीवर तीन-चार थर अंथरी, कोपऱ्यांवर वाटीवरवंटा असे जे हाती लागेल ते ठेवी, थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घाली आणि मग कडेपासून आत आत येत धावदोरा भरी. सुईवर तीन-चार टाके एकदम घ्यायचे, डावा तळवा खालून टेकवायचा, दोरा ओढायचा आणि उठलेली चुणी अंगठ्याच्या नखाने पुढे सारायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. अशा ओळी दाट झाल्या की तीन दुबळे थर मिळून एक जाड, अंग धरणारे कापड होते. कोल्हापूरकडे गोधडीलाच वाकळ म्हणतात. आपले चौथे पान मी तसेच शिवले, आणि ते ताठ उभे राहिले हे तू पाहिलेच आहेस.

कागदाच्या बाबतीत मात्र गोधडीची रीत मला नडली. मी त्याच उत्साहाने तुझ्या चित्रावरही दाण्याएवढे टाके घातले, आणि पान उलटताना ते टपालाच्या तिकिटासारखे भोकांच्या रेषेवर सरळ फाटले. कापडाचे धागे सुईला बाजूला सरून वाट देतात. कागदात पडलेले भोक तसेच राहते. त्यामुळे कागदावर टाका बोटभर लांब घालायचा आणि मागून कापडाची पट्टी द्यायची, असे मी आता ठरवले आहे. पानांवर लावलेल्या बटणांमुळे पुस्तक आ वासून राहते, त्यावरही उपाय सापडला आहे: शिवणीपाशी दर दोन पानांमध्ये दोन बोटे रुंदीची घडी घातलेली पट्टी धरली, की कडेच्या जाडीएवढी पाठही जाड होते.

पुस्तक बंद ठेवायला तुला चकचकीत बटण हवे आहे. माझे मत निराळे आहे. साडीचा जो मोठा चौकोन उरला आहे, त्याचे आपण बासन करू. पोथीची पाने सुटी असतात, म्हणून ती फळ्यांमध्ये धरून अशा चौकोनी फडक्यात बांधून ठेवत. आपल्या पुस्तकाच्या कडाही कमीजास्त आहेत, त्यांना बटणापेक्षा गाठ सोयीची पडेल. फक्त मराठीत एखादे काम बासनात गुंडाळले म्हणजे ते अर्धवट सोडून दिले असा अर्थ होतो, आणि तिसरे पान अजून उसवलेलेच पडले आहे. शनिवारी सुई ओवून ठेवते. चंद्र गुलाबीच ठेवायचा की नवा लावायचा, ते तू सांग.

तुझी,
आई