आधी लेन्स की आधी बायोलॉजी? वाइल्डलाइफ फोटोग्राफीच्या शिक्षणाबद्दल तुमचे प्रश्न

दर वेळी पत्रांत तेच तेच प्रश्न येतात म्हणून या वेळी एकदमच उत्तरं देतेय.

बारावीनंतर कुठली डिग्री कम्पलसरी आहे?

कुठलीच नाही.

मग बायोलॉजी घेऊ की फोटोग्राफीचा कोर्स करू?

माझं मत बायोलॉजीला. नावाजलेल्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर्सचंच बघा, पॉल निकलेन मरीन बायोलॉजी शिकलेला, टिम लेमन तर हार्वर्डचा पीएचडी, बोर्निओत झाडांच्या शेंड्यांवर चढून अभ्यास करणारा माणूस. कॅमेरा काय, वर्षभरात हाताला बसतो हो. पण फांदीवरचा गरुड पुढे झुकला, शिटला की बहुतेक वेळा उडतोच आणि उडतो तो शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून, हे ज्याला माहीत आहे तो आधीच शटरचा वेग १/२००० सेकंदावर लावून योग्य बाजूला बसलेला असतो, बाकीचे नंतर रिकाम्या फांदीचे फोटो बघत बसतात. तरी मार्क, आवड, घरची परिस्थिती बघून तुमच्या बायोलॉजीच्या सरांशी नाहीतर मॅडमशी एकदा बोला, माझ्या एका उत्तरावर ऍडमिशन घेऊ नका.

बाबा ६०० एमएमच्या लेन्ससाठी लोन काढायला तयार आहेत. घेऊ का?

नको. भाड्याने घेऊन बघा. दीडपट क्रॉपच्या, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर साधी ३०० एमएम लेन्ससुद्धा ४५० एमएमसारखी फ्रेम देते, शिकायला भरपूर झालं.

एका वर्कशॉपवाल्यांनी 'घुबडाचा फोटो गॅरंटीड' सांगितलंय, वर सर्टिफिकेटही आहे. करू का?

गॅरंटी कशी देतात ते विचारलंत का? बहुतेक वेळा जिवंत उंदीर सोडून. घुबड माणसाला सोकावतं, रस्त्याकडेला येऊन बसायला लागतं आणि एक दिवस गाडीखाली जातं. घरट्याचंही तेच, फ्रेम साफ दिसावी म्हणून कोणीतरी चार डहाळ्या मोडतो, मग पिल्लांवर थेट ऊन आणि कावळ्याला आयतं आमंत्रण. वर 'सगळेच करतात' हे ऐकीव समर्थन! सगळे करत नाहीत. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही १९६५ पासूनची स्पर्धा, तिच्या नियमांत जिवंत आमिष चालत नाही. २०१७ च्या एका विजेत्या फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला आहे असं तज्ज्ञांचं मत पडलं, फोटोग्राफरने ते नाकारलं, तरी २०१८ मध्ये बक्षीस काढून घेतलंच. आणि ते सर्टिफिकेट? मला आजवर एकाही एडिटरने मागितलेलं नाही, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल मात्र मागतात. पैसे भरायच्या आधी तिथे जाऊन आलेल्या दोघांशी बोला, आमिष, घरटी, पक्ष्यांना बोलवायला वाजवलेलं आवाजाचं रेकॉर्डिंग यांचं काय करतात ते लेखी मागा आणि जागेचे नियम वनखात्याला विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

वय ३४, नोकरी आहे. दोन वर्षांनी सोडून यात यावं म्हणते.

दोन वर्षं कशाची वाट बघताय? या रविवारपासून घराजवळचं एकच तळं धरा, एकच पक्षी धरा, वर्षभर तारीख-वेळेची वही ठेवा. नोकरी मात्र सोडू नका, नुसत्या फोटोविक्रीवर जगणारे फार थोडे, बहुतेकांचं घर शिकवणं, टूर नेणं, संस्थांची कामं यावर चालतं. राजीनामा लिहायच्या आधी हिशोब समजणाऱ्या कुणाला तरी आकडे दाखवा, आणि ती वहीसुद्धा एखाद्या पक्षीतज्ज्ञाला.