ऐच्छिक अभ्यास: विषय कुठून आणू?

प्रश्न: मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा एक अभ्यास आपल्या मनाने निवडून त्याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा आहे. इंटर्नशिप झरी जामणी तालुक्यातल्या एका शाळेत आहे. वर्ग आठवीचा, बरीच मुलं कोलाम आदिवासींच्या पोडांवरून (वस्त्यांवरून) येतात. डोक्यात तीन विषय आहेत: स्मार्ट बोर्डचा परिणाम, नई तालीम आणि मुलांचं मराठी लेखन. मैत्रिणी म्हणतात, झेरॉक्सवाल्याकडे तयार फाईल मिळते, कशाला डोकं लावतेस? काय करू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, लेखन घ्या.

स्मार्ट बोर्डवर अभ्यास करायचा तर आधी दुपारच्या तासाला शाळेत लाईन असते का ते बघा. नई तालीम, म्हणजे गांधीजींचा हातकामातून शिक्षणाचा विचार, मोठा विषय आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत तो मांडला गेला, सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा आजही चालते. सवडीने जरूर जाऊन या. पण एका भेटीवर अभ्यास उभा राहत नाही. तयार फाईलचं म्हणाल, तर ती परीक्षकांनीही आधी दोन-चारदा वाचलेली असते.

लेखन रोज तुमच्या हातात येतं. मात्र ‘मुलांचं मराठी लेखन’ एवढ्यावर थांबलात तर प्रस्तावनेतच वर्ष जाईल. त्यातला एक तुकडा उचला. एखादं पोर लिहितं, ‘माय बाजारात गेलं’. आपण लाल शाईने ‘गेली’ करतो आणि पुढची वही ओढतो. इथेच थांबा. कोलामी ही गोंडीसारखी द्राविड कुळातली भाषा. तिच्यात एकवचनात पुरुष एकीकडे आणि बाया, जनावरं, वस्तू सगळं दुसरीकडे. तो-ती-ते असा आपला पसारा तिथे नाही. मग या मुलांच्या लिंगाच्या चुका माणसांच्या नावांपाशी जास्त होतात की वस्तूंच्या? हा प्रश्न वह्यांवरून तपासता येतो. प्रत्येक चूक कोलामीच्या माथी मात्र मारू नका, काही नुसत्या घाईच्या असतात. त्याच वर्गातल्या घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या वह्याही सोबत बघा. त्यांचं ‘मले’, ‘तुले’ वेगळ्या रकान्यात टाका. ती वऱ्हाडी आहे, तिला चुकीत मोजलंत तर सगळाच हिशेब बिघडेल.

निबंधाला ‘माझा आवडता नेता’ देऊ नका, गाईड पाठ करून येतात. ‘आमच्या घरचा पोळा’ द्या. तो पोरांना स्वतःच्याच वाक्यांत लिहावा लागतो. पोडावरच्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, हे वाक्य तुमच्यात कसं म्हणाल? त्या एका संध्याकाळी पुस्तकाच्या धड्यापेक्षा जास्त हाती लागेल.

आता वेळेचं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या नियमावलीने बीएडचा शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा केला, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. आराखड्यात आपण हे आठवडे छान रकाने आखून मांडतो आणि कापूस विसरतो. दिवाळीनंतर वेचणी रंगात आली की मागचे बाक ओस पडतात. कोणी मायसोबत वावरात जातं, कोणी धाकट्याला सांभाळत घरी बसतं. पहिल्या लेखनाला हजर असलेली मुलं शेवटच्या लेखनाला नसली तर तुलना कशाची करणार? म्हणून पहिली दोन लेखनं दिवाळीच्या सुट्टीआधीच घ्या, पुढचं एक सुट्टीनंतर, वर्ग भरेल तसं. दर मुलाचे कागद वेगळे ठेवा. फाईलमध्ये नाव न लिहिता क्रमांक द्या. ज्याचं एकच लेखन मिळालं, त्याला तुलनेतून वगळलं असं सरळ लिहा, त्याने गुण जात नाहीत.

मार्गदर्शक बहुधा म्हणतील, विषय फार लहान आहे. वाद घालू नका. पहिल्या लेखनाचे कागद घेऊनच मंजुरीला जा आणि त्यांनाच दोन वाचायला द्या.