सल्ल्याची घाई

प्रश्न : एम.ए.च्या समुपदेशन शाखेचं प्रात्यक्षिक मी घेते. मुलांना थिअरी तोंडपाठ आहे, पण सरावाला बसवलं की पाचव्या मिनिटाला सल्ले सुरू होतात. 'सल्ला देऊ नका' हे सांगून सांगून थकले. काय करू?

उत्तर : सांगून हे जात नाही, कारण बोलताना स्वतःचा सल्ला कानाला लागतच नाही. तो कागदावर यावा लागतो. तिघातिघांचे गट करा : एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. पंधरा मिनिटांचं सत्र परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं आणि त्यातली मधली पाच मिनिटं शब्दशः उतरवून आणायची, 'हं', 'अच्छा' आणि शांततेच्या सेकंदांसकट. विद्यार्थी कुरकुरतील, पाच मिनिटं उतरवायला सहज तासभर जातो. जाऊ दे.

कागदाला तीन रकाने : क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. खरं काम तिसऱ्या रकान्यात होतं. उदाहरणार्थ,

क्लायंट : सासूबाईंनी हाक मारली तरी जिवाचं पाणी होतं.
समुपदेशक : त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोलून बघितलंत का?

तिसऱ्या रकान्यात बहुधा लिहिलेलं असतं, 'आता काय बोलावं सुचेना.' म्हणजे तो सल्ला क्लायंटसाठी नव्हताच, स्वतःची अस्वस्थता घालवायला होता. हे विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात वाचलं की तुमचं निम्मं काम झालं. मग त्याच ओळीला दुसरं उत्तर लिहायला लावा : 'नुसत्या हाकेनेसुद्धा? तेव्हा नेमकं काय होतं तुम्हाला?'

पुढचा धोका पोपटपंचीचा. सल्ला सुटला की दर वाक्याला 'म्हणजे तुम्हाला वाईट वाटतंय' सुरू होतं. याचं मूळ भाषेत आहे. आपण भावना शिकवतो इंग्रजी पुस्तकातून, आणि माणसं सांगतात 'छातीत धस्स होतं', 'डोकं भणभणतं', 'कसंतरीच होतं'. असे पन्नास शब्दप्रयोग वर्गाकडून गोळा करून घ्या. 'कसंतरीच'चं भाषांतर 'चिंता' असं लगेच करून टाकायचं नाही, ते कसं ते विचारायचं.

आणखी एक. क्लायंट झालेल्या विद्यार्थ्याने खोटं नैराश्य वठवू नये आणि घरातलं खोल दुःखही आणू नये. पहिल्यात नाटक होतं. दुसऱ्यात, जे शिक्षक मार्क देणार त्यांनाच त्याच्या घरचं सगळं कळतं, ते योग्य नाही. रूममेटशी झालेली कुरबुर पुरे.

प्रश्न : शाळेत इंटर्नशिप करतोय. नववीतली मुलगी म्हणाली, 'कुणाला सांगणार नसाल तर सांगते.' मी हो म्हणून बसलो. चुकलं का?

उत्तर : चुकलं, पण दुरुस्त करता येईल. पुढच्या भेटीची वाट न बघता तिला सांगा, 'मी घाईत शब्द दिला. तुझं बोलणं मी माझ्या पर्यवेक्षकांशिवाय कुणापुढे नेणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्याशी कुणी वाईट वागत असेल, तर मला मदत आणावी लागेल. ती कशी आणायची ते आधी तुझ्याशी बोलेन.' खरं तर ही वाक्यं पहिल्या भेटीतच यायला हवी होती.

लैंगिक अत्याचार निघाला तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. इंटर्न असलात तरी. पर्यवेक्षकांना त्याच दिवशी गाठा, तिचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा, आणि तपशिलासाठी पुन्हा पुन्हा विचारू नका. चौकशी तुमची नाही.

प्रश्न : एम.ए. झाल्यावर पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहू का?

उत्तर : नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त क्लिनिकल अभ्यासक्रम आणि तिच्या नोंदवहीत नाव लागतं. 'समुपदेशक' लिहा, खाली पदवी लिहा. आणि 'डॉ.' पीएच.डी. झाल्यावरच.