‘कवायतीचे मैदान’ की ‘लष्करी सराव क्षेत्र’?

प्रश्न असा आहे: ‘1935 मध्ये जर्मनीने बेर्गेनजवळ कवायतीचे मैदान उभारले’ या अनुवादित वाक्यात मूळ जर्मन शब्द ‘ट्रुपेनयूबुंग्सप्लात्स’, म्हणजे सैन्याच्या सरावाची जागा, असा आहे. तो नीट उतरला आहे का?

नाही. कवायत म्हणजे रांगा, सावधान-विश्राम, सलामी. शब्द आला तोच अरबी ‘कवाइद’वरून, म्हणजे नियम. कवायतीच्या जागेला जर्मनमध्ये ‘एक्सेर्त्सीरप्लात्स’ असा स्वतंत्र शब्द आहे. घोटाळा होतो तो शेवटच्या ‘प्लात्स’मुळे. कोशात त्याचे अर्थ चौक, मैदान, जागा असे दिसतात आणि हात आपसूक ‘मैदान’कडे जातो. पण उत्तर जर्मनीतल्या बेर्गेनचं हे ‘मैदान’ आज सुमारे 284 चौरस किलोमीटर आहे!

एवढी जमीन कशाला? पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याला एक लाखाची मर्यादा आणि रणगाड्यांची बंदी घातली होती. मार्च 1935 मध्ये हिटलरने सक्तीची भरती आणि 36 डिव्हिजनची, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्यांची, घोषणा केली. ऑक्टोबरात पहिल्या तीन पँझर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजन उभ्या राहिल्या. त्या काळच्या 105 मिलिमीटर हलक्या तोफेचा पल्लाच सुमारे साडेदहा किलोमीटर. तोफ, लक्ष्य आणि चुकलेला गोळा पडेल ती जागा, सगळं कुंपणाच्या आत हवं.

‘चांदमारी’ हा झकास शब्द सुचेल, पण तो फक्त गोळीबाराच्या पट्ट्याला लागू पडतो. असे अनेक पट्टे या क्षेत्राच्या पोटात असतात. नगरजवळच्या के. के. रेंजबद्दल आपली वर्तमानपत्रं ‘लष्करी सराव क्षेत्र’ लिहितात. तेच इथे चपखल बसतं.

‘उभारले’ही खटकतं. बराकी उभारल्या, जमीन मात्र ल्यूनेबुर्गच्या माळरानावरची 25 गावं उठवून घेतली. 1938 पर्यंत सुमारे 3,650 माणसं हलवली गेली. धरणासाठी गाव ‘उठलं’ म्हणतो, तेच क्रियापद वापरा. आतली ‘झीबेन श्टाइनहॉयझर’, म्हणजे ‘सात दगडी घरं’, ही अश्मयुगीन थडगी मात्र जागेवरच राहिली. आहेत पाचच, गोळीबार नसेल तेव्हाच तिथे जाता येतं.

तेव्हा वाक्य असं करा: ‘1935 पासून बेर्गेनजवळची गावं उठवून जर्मन सैन्याने तिथे मोठे सराव क्षेत्र केले.’

पुढच्या मजकुरात ‘बेर्गेनची छावणी’ आली तर थांबून पाहा. क्षेत्राच्या बांधकाम मजुरांच्या झोपड्यांत 1940 पासून युद्धकैदी ठेवले, 1943 मध्ये त्यातला भाग एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेने घेतला. तीच बेर्गेन-बेल्झनची छळछावणी. सैनिकांची वस्ती वेगळी, तिथून जवळच. तिच्यासाठी ‘बराकी’च लिहा.