आधी पाणी

प्रिय पोरी,

तुझ्या प्रबंधाचा विषय म्हणजे कोळशाच्या खाणीतलं पाणी वरच्या तळ्यात चढवून वीज साठवायची, आणि हवी तेव्हा ते खाली सोडून परत मिळवायची. गाईड म्हणतात विषय बदल, तू म्हणतेस खाण आयतीच खोदलेली आहे, खालचं तळं फुकटात मिळालं. दोघंही खाणीचं पाणी न बघता भांडताय.

गणित तुझं चोख आहे. एक घनमीटर पाणी 367 मीटर पडलं की एक युनिट वीज, तेही गळती-घट न धरता. 150 मीटरच्या खाणीत लाखभर युनिट साठवायची तर अडीच लाख घनमीटर पोकळी हवी. नकाशावर ती आहे म्हणतेस. अगं, कोळशाच्या खाणीत पिलर, म्हणजे छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब, काढत, छत पाडत मागे येतात. उरतो तो गोफ, म्हणजे दगडांचा ढीग. त्यातून पाणी झिरपेल, टर्बाइनला हवं तसं धो धो यायचं नाही. जे पिलर उभे आहेत ते रोज भिजणार, रोज वाळणार. शेल, म्हणजे चिखलाचा थरांचा दगड, त्यात मऊ पडतो. शिवाय पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, असेल तर पाणी आम्लधर्मी, म्हणजे पंपाची पाती खाणारं. म्हणून म्हणतो, आधी पाणी.

जर्मनीतल्या बॉट्रॉपची कोळशाची खाण 2018 मध्ये बंद झाली, तिथल्या 200 मेगावॉटच्या कल्पनेवर तू तीन पानं लिहिलीस. ऑस्ट्रेलियातल्या किडस्टनला दोन ओळी! तिथं सोन्याच्या खाणीचे दोन उघडे खड्डे वापरायचं ठरलं, 250 मेगावॉट. उघडे का, याचा विचार कर. पाणी वर चढवून वीज साठवणारं आपलं घाटघरही 250चंच. पुण्यात बसून जर्मनी वाचण्याआधी एका रविवारी तिथं जाऊन ये.

मी एकदा पाण्याचा नमुना आल्याशिवाय अहवालावर सही करणार नाही म्हटलं. कंपनीनं दुसऱ्याची सही घेतली, मला पुन्हा बोलावलं नाही. घरी अजून ऐकतो की आडमुठेपणापायी कोथरूडचा फ्लॅट हुकला. हुकला असेल. पण न बघितलेल्या पाण्याची हमी मी कशी देणार होतो? खंत एकच, त्या खाणीचं पाणी कसं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तर चंद्रपूरला जा. परवानगीसाठी हेलपाटे पडतील, पडू देत. नमुना वरवरचा नको, खोलातला घे. बाटली काठोकाठ भर, हवा राहू देऊ नकोस, खोली लेबलवर लिही. पीएच तिथंच मोज. दुसरी बाटली उघडी ठेव: काढताना नितळ दिसणारं पाणी लोह असेल तर तांबूस होतं, तळाशी गाळ बसतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात किती पाणी उपसतात, तेही पंपावरच्या माणसाला विचार. ऑफिसातल्या साहेबाला नको.

आकडे आले की मला पाठव. तोवर मॉडेल उघडू नकोस. गाईडशी मी बोलतो.