दूरच्या रॅकमधले राउटर-स्विच सांभाळायला टर्मिनल सर्व्हर कसा बसवावा?

तुम्ही विचारलंय की लांबच्या एका खोलीत राउटर, स्विच, फायरवॉल मिळून डझनभर यंत्रं आहेत आणि एसएसएच (नेटवर्कवरून यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय) बंद पडलं की कुणाला तरी तिथं पळावं लागतं. असिंक (सिरियल) पोर्ट असलेला एक जुना सिस्को राउटर हाताशी आहे. तोच टर्मिनल सर्व्हर म्हणून, म्हणजे सगळ्या यंत्रांचे कन्सोल पोर्ट (थेट केबलनं आत शिरायची दारं) दुरून उघडून देणारं यंत्र म्हणून लावावा, की याच कामाचा नवीन कन्सोल सर्व्हर घ्यावा?

जुना राउटर चालेल. पण खरेदीचा विचार करण्याआधी एक गोष्ट नक्की करा: नेटवर्क पूर्ण झोपलेलं असताना तुम्ही त्या टर्मिनल सर्व्हरपर्यंत कोणत्या वाटेनं पोहोचणार? मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी तो नेहमीच्याच स्विचला, नेहमीच्याच व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या नेटवर्कच्या कप्प्यात) जोडलेला असतो. रोज छान चालतो आणि गरज पडते त्या दिवशी स्विचबरोबर तोही दिसेनासा होतो.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक बंद पडलं तेव्हा मुख्य नेटवर्कबरोबर त्यांचं आउट-ऑफ-बँड (अडचणीच्या वेळेसाठीचं वेगळं) नेटवर्कही हाताशी राहिलं नाही आणि इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्सचं नेटवर्क कोसळलं; त्यांचं मॅनेजमेंट नेटवर्क त्याच आयपी कोअरवर (नेटवर्कच्या गाभ्यावर) अवलंबून होतं, त्यामुळे बिघडलेल्या राउटरमध्ये शिरायलाच वाट उरली नाही.

म्हणून टर्मिनल सर्व्हरला स्वतःची इंटरनेट लाइन द्या. दुसऱ्या कंपनीचं ब्रॉडबँड किंवा ४जी मोडेम, जे शक्य असेल ते, पण थेट त्याच्यापाशी. मधे तुमचा एकही स्विच नको. मोबाइल सिमला बहुधा सार्वजनिक आयपी मिळत नाही, त्यामुळे बाहेरून आत जाता येत नाही. यावर उपाय म्हणजे तिथल्याच एका छोट्या लिनक्स यंत्राला बाहेरच्या दिशेनं वायरगार्डचा (हे एक व्हीपीएन) टनेल उघडायला लावायचा आणि कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा नियमित संदेश) २५ सेकंदांवर ठेवायचा. टनेलचं दुसरं टोक तुमच्याच ऑफिसच्या फायरवॉलवर ठेवू नका, नाहीतर पुन्हा तेच दुखणं. बाहेर भाड्यानं घेतलेला लहानसा सर्व्हर पुरतो.

त्या वाटेवर लपलेली अवलंबित्वंही शोधा. डीएनएस चालत नसेल तर तुम्हाला आयपी पत्ता माहीत आहे का? लॉगिन टॅकॅक्सवर (पासवर्ड एका मध्यवर्ती सर्व्हरवर तपासण्याची पद्धत) असेल आणि तो सर्व्हर मुख्य नेटवर्कात असेल, तर लोकल युजरची (यंत्रातच साठवलेल्या खात्याची) सोय आधीच करून ठेवा. इथे एक बारकावा आहे: सिस्कोवर लोकल युजरची पाळी येते ती सर्व्हर उत्तरच देत नसेल तेव्हा. सर्व्हरनं नकार दिला तर राउटर लोकलकडे वळत नाही. यूपीएसही शक्यतो वेगळा असावा.

आता जोडणी. सिस्कोची आठ टोकांची ऑक्टल केबल आतूनच रोलओव्हर (पिना उलट्या क्रमानं जोडलेली) असते, ती सरळ सिस्कोच्या कन्सोल पोर्टमध्ये लावायची. इतर कंपन्यांच्या आरजे-४५ पोर्टवर पिनांची मांडणी वेगळी असू शकते, तिथे पिनआउट पाहिल्याशिवाय केबल करू नका. वेग बहुतेक राउटर-स्विचवर ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. मायक्रोटिक आणि बरेच लिनक्स सर्व्हर ११५२०० वर असतात. पडद्यावर निरर्थक अक्षरं दिसली तर आधी वेग तपासा.

सिस्कोवर लाइन (म्हणजे सिरियल पोर्ट) नंबर २००० मध्ये मिळवला की टेलनेटचा पोर्ट मिळतो, म्हणजे लाइन ३३ असेल तर २०३३. लाइन नंबर ‘शो लाइन’नं दिसतात. त्या लाइनींवर ‘नो एक्झेक’ (या लाइनवर स्वतःचा लॉगिन प्रॉम्प्ट देऊ नको, अशी कमांड) लिहायला अजिबात विसरू नका. ते नसेल तर काय होतं पाहा: समोरचा स्विच रीबूट होताना कन्सोलवर भराभर मजकूर ओततो, टर्मिनल सर्व्हरला वाटतं कुणीतरी लॉगिन करतंय, तो उलट प्रॉम्प्ट पाठवतो, स्विच तो प्रॉम्प्ट कमांड समजून एरर देतो, आणि दोघांचं बोलणं असंच चालू राहतं. लाइन अडकते आणि तुम्हाला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसतं. अशी अडकलेली लाइन ‘क्लिअर लाइन’नं सुटते, पण ‘नो एक्झेक’ असेल तर मुळात हा गोंधळच होत नाही.

टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, म्हणून हे पोर्ट बाहेरून दिसू देऊ नका. आधी एसएसएचनं टर्मिनल सर्व्हरवर या आणि तिथून त्याच्याच लूपबॅक (यंत्राच्या स्वतःच्या आतल्या) पत्त्यावर टेलनेट करा. अ‍ॅक्सेस लिस्टनं (कुणाला आत येऊ द्यायचं त्या यादीनं) बाकी सगळं बंद. सिस्कोच्या जुन्या आयओएसवर (राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) एसएसएच नसेल किंवा जुनाट अल्गोरिदमवर अडकलेलं असेल, तर पुढे ते वायरगार्डवालं लिनक्स यंत्रच दार म्हणून राहू द्या.

आणि लिनक्स यंत्र बसवणारच असाल, तर मी स्वतः जुना राउटर सोडून यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि कॉन्सर्व्हर हा कन्सोल सांभाळणारा प्रोग्रॅम घेईन. कारण एकच, पण मला फार मोलाचं वाटतं: कॉन्सर्व्हर प्रत्येक कन्सोलवर जे उमटतं ते सतत फाइलमध्ये लिहून ठेवतो. रात्री राउटर कोसळून आपोआप उठला, तर मरण्याआधीच्या शेवटच्या ओळी बहुधा कन्सोलवरच उमटलेल्या असतात. त्या कुणी टिपल्या नसतील तर सकाळी हातात फक्त अपटाइम (यंत्र किती वेळ चालू आहे तो आकडा) उरतो. एक काळजी घ्या: लिनक्स या अडॅप्टरांना देतो ते ‘टीटीवाययूएसबी०’, ‘१’ हे क्रम रीबूटनंतर बदलू शकतात. ‘बाय-पाथ’ची (कोणत्या यूएसबी पोर्टात लावलंय त्यावरून पडणारी) नावं वापरा, नाहीतर कोअर स्विच समजून फायरवॉलवर कमांड माराल.

सुरक्षेची एक बाब हमखास राहून जाते. टेलनेट तोडलं म्हणजे समोरच्या यंत्रावरून लॉगआउट झालं असं नाही. तुमचं इनेबल सेशन (पूर्ण अधिकारांचं लॉगिन) तसंच उघडं राहतं आणि त्या लाइनवर पुढे जो येईल त्याला ते आयतं मिळतं. प्रत्येक यंत्राच्या कन्सोलवर एक्झेक टाइमआउट (काही वेळ काम नसेल तर आपोआप लॉगआउट) ठेवा. सिस्कोवर मुळात १० मिनिटांचा असतो, तो सोयीसाठी शून्य करू नका. रॅकमध्ये सनचे जुने स्पार्क सर्व्हर असतील तर त्यांना पर्यायी ब्रेकवर टाका (ब्रेक म्हणजे सिरियल लाइनवरून जाणारा ‘थांब’ असा इशारा). टर्मिनल सर्व्हरची वीज गेली-आली की काही वेळा लाइनवर ब्रेक जातो आणि ते सर्व्हर थांबून ‘ओके’ प्रॉम्प्टवर बसतात.

सगळं झालं की ठरवून वेळ घ्या, मुख्य अपलिंकची (बाहेर जाणाऱ्या जोडणीची) केबल उपसा आणि फोनच्या हॉटस्पॉटवरून आत शिरून दाखवा. खोलीत त्या वेळी एक माणूस उभा ठेवा. पुढेही टनेलवर मॉनिटरिंग लावा, कारण सिमचा प्लॅन संपला तरी कुणाला कळत नाही. कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र ही यादी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ठेवा. ती फक्त अंतर्गत विकीवर असेल तर त्या वेळी उघडणार नाही.

तुमचे फायरवॉल कोणत्या मॉडेलचे आहेत ते लिहा, म्हणजे केबलच्या पिनआउटबद्दल नेमकं सांगता येईल.